होक्काइदोचा बर्फ आणि मोकळी चौकट

निसर्गदृश्य टिपताना डोंगर, ढग, झाडे, पाणी असे जेवढे डोळ्यांना दिसते तेवढे सगळे चौकटीत घेण्याकडे सर्वसाधारण कल असतो. मिनिमलिझम या नावाने ओळखली जाणारी शैली मात्र काय घ्यायचे याच्या आधी काय वगळायचे ते ठरवते. हे नाव १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधील डोनाल्ड जड आदी कलावंतांच्या कामाला मिळाले आणि पुढे छायाचित्रणात रुळले, तरी त्यामागची दृष्टी पुष्कळ जुनी आहे. सोळाव्या शतकातील जपानी चित्रकार हासेगावा तोहाकू यांच्या पडद्यांवर धुक्यातले पाइन वृक्ष शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांत उभे राहतात आणि बराचसा कागद कोराच राहतो.

या शैलीचे आजचे सर्वांत परिचित छायाचित्रकार मायकेल केन्ना यांचा जन्म १९५३ साली इंग्लंडमधील विडनेस या औद्योगिक गावी झाला. चौरस चौकटीचा फिल्म कॅमेरा, कृष्णधवल फिल्म आणि स्वतः डार्करूममध्ये काढलेल्या जेमतेम वीस सेंटिमीटरच्या प्रती ही त्यांची पद्धत असून, जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर त्यांनी हिवाळ्यात केलेले काम विशेष नावाजले गेले. हे बेट निवडण्यामागे कारण आहे. बर्फ शेतातले बांध, पायवाटा, वाळके गवत असा सगळा तपशील झाकून टाकतो, ढगाळ आकाशामुळे सावल्या पडत नाहीत आणि जमीन व आकाश यांचा रंग एक झाला की क्षितिजही पुसले जाते. मग उरलेले एकटे झाड किंवा कुंपणाची ओळ पाहणाऱ्याची नजर धरून ठेवते आणि भोवतालचा रिकामा अवकाश त्या झाडाचा लहानपणा, त्याचे अंतर व थंडी यांची जाणीव करून देतो. छायाचित्रकाराने वगळायचे ते तिथे ऋतूनेच निम्मे वगळलेले असते.

अशा दृश्यात कॅमेऱ्यातील प्रकाशमापक हमखास फसतो, कारण समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे तो गृहीत धरतो आणि शुभ्र बर्फालाही करडे करतो. त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किंवा सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश, एक ते दोन स्टॉप वाढवावा लागतो. (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो.) पाण्यासाठी दुसरी युक्ती आहे. दहा स्टॉपचा गडद फिल्टर प्रकाश सुमारे हजार पटींनी घटवतो, म्हणून सेकंदाच्या तिसाव्या भागात होणारे एक्स्पोजर अर्ध्या मिनिटाहून अधिक चालते आणि तेवढ्या वेळात लाटा एकमेकींत मिसळून धुक्यासारख्या गुळगुळीत दिसतात. केन्ना यांची रात्रीची काही एक्स्पोजर तर कित्येक तास चालली आहेत.

वगळण्याचा याहून निराळा मार्ग जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की यांचा. त्यांच्या १९९९ च्या ‘ऱ्हाइन २’ या चित्रात नदी, गवत आणि आकाश यांचे आडवे पट्टेच उरतात, कारण मधल्या इमारती व माणसे संगणकावर पुसलेली आहेत. २०११ साली त्याची प्रत त्रेचाळीस लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. ते चित्र प्रभावी आहे, यात शंका नाही; तथापि जागा शोधून, हवामानाची वाट पाहून जे साधते त्यात त्या ठिकाणाचे सत्य टिकते, म्हणून ती वाट अधिक मोलाची मानली पाहिजे.

महाराष्ट्राशी या दृष्टीचे नाते आहे ते नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांच्यामुळे. बडोद्याला कला शिकवणाऱ्या आणि अखेर अलिबागजवळच्या किहीम येथे निधन पावलेल्या या चित्रकर्तीने समुद्र, वाळू व रस्ते यांतून केवळ रेषा उरेपर्यंत तपशील गाळला. मात्र तिची छायाचित्रे तिच्या हयातीत प्रदर्शित झाली नाहीत.

या शैलीच्या लोकप्रियतेने एक प्रश्नही उभा केला आहे. चित्रात निर्मनुष्य दिसणारी जमीन बहुधा कोणाचे तरी शेत असते. होक्काइदोतील बिएई येथील ‘तत्त्वज्ञाचे झाड’ म्हणून प्रसिद्ध असलेला, केन्ना यांनीही टिपलेला पॉप्लर पाहण्यासाठी येणारे पर्यटक मनाई असूनही शेतात शिरत राहिले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शेतमालकाने ते जीर्ण झाड तोडून टाकले. अशा जागी जाणाऱ्या प्रत्येकाने रस्त्यावरूनच छायाचित्र घ्यावे, आणि तिथून हवी ती चौकट मिळत नसेल तर ते चित्र सोडून द्यावे.