सहकार्य आणि स्पर्धा : पालि वाङ्मयाची दृष्टी

अकोला जिल्ह्यातील हिवरखेडच्या परिसरात, वऱ्हाडात अन्यत्र आहे तशीच, कापसाची वेचणी वजनावर चालते. निंदणाची मजुरी बहुधा दिवसावर असते. निंदणाला एका रांगेत चालणाऱ्या बायाच वेचणीला एकमेकींच्या पुढे जाऊ पाहतात. माणसे तीच, मोबदल्याची रीत बदलली की परस्परसंबंध बदलतात. कार्यालय, शाळा व कारखाना यांतही हेच घडते. म्हणून या प्रश्नाचा विचार पालि वाङ्मयाच्या आधारे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विनयपिटकातील महावग्गाच्या दहाव्या खंधकात कोसंबीच्या भिक्खूंचा कलह वर्णिला आहे. अट्ठकथेनुसार एक विनयधर व एक धम्मकथिक यांच्यात शौचकूपातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून वाद झाला आणि शिष्यांसह संघ दुभंगला. तथागतांनी समजावूनही कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटेच निघून गेले.

पुढे पाचीनवंसदाय वनात त्यांना अनुरुद्ध, नंदिय व किंबिल भेटले. तेथे भिक्षेहून प्रथम परतणारा आसने मांडी; शेवटी परतणारा जागा झाडी. घडा रिकामा ज्यास दिसे तो भरी. एकट्यास न पेलल्यास हाताच्या खुणेने दुसऱ्यास बोलावी. दर पाचव्या दिवशी रात्रभर धम्मचर्चा होई. तरीही कोणाचा वैयक्तिक प्रयत्न शिथिल नव्हता.

येथे भेद स्पष्ट होतो. 'विरिय' म्हणजे परिश्रम. तो प्रत्येकाने पराकाष्ठेने करावा. 'मान' म्हणजे मी श्रेष्ठ, मी समान, मी हीन असे सतत मोजणे. कोसंबीत विद्वत्ता होती, पण मान बळावला. सहकाऱ्याच्या उत्कर्षाने 'इस्सा' जागते. तिच्यावर 'मुदिता' हा उपाय आहे.

परंतु सहकार्याच्या नावाखाली अन्याय झाकता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विटाळाच्या सबबीवर अस्पृश्य कामगारांस विणाई खात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे सूत तोंडाने ओढावे लागे. १९२८ च्या संपकाळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांनी इतर कामगार संघटनांसह एक दिवसाचा संप केला. दार बंद असेल तर ती स्पर्धा नव्हे. आणि समतेवाचूनची एकजूट ही एकजूट नव्हे.

सहा सारणीय धम्मांत पात्रातील अन्नदेखील वाटून घेण्याचा समावेश आहे. तात्पर्य, प्रत्येकाच्या कामाची नोंद व्हावी, पण सामूहिक लाभात सर्वांचा वाटा असावा. आणि घडा भरणाऱ्याचे श्रमही मोजले जावेत. ज्या समूहात घडा भरणारा नेहमी एकच असतो, त्याने स्वतःला संघ म्हणवू नये, असे आमचे नम्र मत आहे.