अंगठा लागत नाही

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्सचं एक दुकान आहे. सातबारा, पॅनकार्ड, बोटीचे कागद, हयातीचा दाखला, सगळं तिथे होतं. गेल्या नोव्हेंबरात माझ्या कामासाठी मी तिथे बसलो होतो, तेव्हा थेरोंड्याच्या एक आजी आल्या. नवऱ्यामागे मिळणारं पेन्शन चालू राहायचं तर वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे दाखवावं लागतं, आणि आता ते बोट टेकवून दाखवता येतं. दुकानातल्या मुलाने मुठीत मावेल एवढं काळं मशीन पुढे सरकवलं. काचेत लाल उजेड लागला. आजींनी अंगठा टेकवला. जुळत नाही, असं पडद्यावर आलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच.

"आजी, तुमचा अंगठा लागत नाही."

आजींनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "बोट त माझाच हाय ना, पोरा?"

आपलंच काहीतरी चुकलं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि तो मला सहन झाला नाही. चूक त्यांची नव्हतीच. मशीन बोटात काय पाहतं हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

वाडीतल्या विहिरीत बुडी मारून तिरकं वर पाहिलंत तर पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा चकाकतो. ठसे घेणाऱ्या बहुतेक मशिनांत हाच प्रकार असतो. काचेखाली एक छोटा दिवा आणि एक छोटा कॅमेरा. दिव्याचा उजेड काचेच्या आतल्या बाजूवर तिरका पडतो, आणि वर नुसती हवा असेल तर जसाच्या तसा परत फिरून कॅमेऱ्यात जातो. बोट टेकलं की बोटावरच्या उंच रेघा काचेला चिकटतात. तेवढ्या जागी आरसा मोडतो, उजेड कातडीत शिरतो आणि कॅमेऱ्याला काळी रेघ दिसते. दोन रेघांमधल्या खाचेत हवाच असते, म्हणून खाच उजळ राहते. एका रेघेपासून दुसरी रेघ साधारण अर्ध्या मिलिमीटरवर. मशीन इंचाला ५०० ठिपके मोजतं, म्हणजे एक रेघ आणि एक खाच मिळून जेमतेम आठ-दहा ठिपके वाट्याला येतात. त्या तुटपुंज्या चित्रातून रेघ कुठे संपली, कुठे तिला फाटा फुटला, एवढ्या खुणा टिपल्या जातात. मग आधारच्या नोंदणीच्या वेळी घेतलेल्या ठशांशी त्यांचा मेळ घातला जातो.

आता आजींचा अंगठा बघा. वर्षानुवर्षं बर्फात हात, मिठात हात, विळीवर बोंबील आणि करंदी. खवल्यांनी आणि मिठाने रेघांची उंची झिजवलेली, कातडी कोरडी आणि भेगाळलेली. असं बोट काचेला सलग टेकत नाही, मधे मधे टेकतं. कॅमेऱ्याला रेघेऐवजी तुटक ठिपके दिसतात. याच्या उलट, बाजारातून तशीच ओल्या हाताने आलेली बाई असेल तर खाचांत पाणी भरतं, तिथलाही आरसा मोडतो आणि सगळ्या ठशाची काळी गिचमिड होते. पडद्यावर दोघींना एकच उत्तर मिळतं, पण एकीला ओलावा हवा असतो आणि दुसरीला कोरडा पंचा. "जोरात दाबा" हा सल्ला तर दोघींनाही घातक, कारण दाबाने रेघा पसरतात आणि त्यांच्यातलं अंतर बदलतं.

भारतातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. तेव्हापासून कष्टाच्या हातांचा हा प्रश्न आपल्या सोबत आहे. शेतमजूर, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, मासेवाल्या, साऱ्यांचा.

आजींना बाकावर बसायला सांगून मुलगा माझ्या कामाकडे वळला. माझं काम होतं एका मित्राच्या बोटीच्या अर्जाचं. बोटीचं नाव दर्यादौलत. आधीच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी ते "दऱ्यादौलत" असं छापून आलं होतं, आणि ज्याची बोट समुद्रात जाते त्याला कागदावर डोंगरातल्या दऱ्या मिळाल्या होत्या. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. कागदावरचं नाव आणि बोटीवरचं नाव एकच असावं लागतं.

ही चूक कशी होते हे समजायला की-बोर्ड उघडून पाहावा. बटणांखाली रबराच्या छोट्या वाट्या असतात आणि त्यांच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ थर. वरच्या आणि खालच्या थरावर वीज वाहणाऱ्या रेघा, मधल्या थराला भोकं. बटण दाबलं की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. या रेघा जाळ्यासारख्या आडव्या-उभ्या विणलेल्या असतात. कडेला बसलेली चिप एकेका आडव्या रेघेत वीज सोडते आणि कुठल्या उभ्या रेघेतून ती परत आली ते बघते. सेकंदाला शेकडो वेळा हा फेरा चालतो. म्हणून खाऱ्या हवेने एक रेघ खाल्ली की एकटं बटण जात नाही, तिच्यावरची पाच-सहा बटणं एकदम मुकी होतात. किनाऱ्यावरच्या दुकानांत हे नेहमीचंच.

चिप कॉम्प्युटरला जे कळवते त्यात अक्षर नसतंच. अमुक जागचं बटण दाबलं, एवढाच पत्ता. त्या पत्त्यावर इंग्रजीचं के राहतं की मराठीचं क, हे आत बसलेला प्रोग्रॅम ठरवतो. १९८६ साली भारत सरकारने ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आहेत. क आला की स्मृतीत २३२५ हा आकडा जातो. किहीम हे गावाचं नाव लिहायचं तर डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि मग क, पण आत मात्र आधी क, मग वेलांटी. वेलांटी उचलून क च्या अलीकडे ठेवायचं काम अक्षरं मांडणाऱ्या प्रोग्रॅमचं. जुन्या टाइपरायटरवर शिकलेला हात दिसतं तसं आधी वेलांटी मारतो, आणि नव्या मांडणीवर ती मागच्या अक्षराला जाऊन चिकटते.

दर्यामध्ये साधा र, त्याचा पाय मोडून य. दऱ्यामध्ये मात्र वेगळा र आहे, ज्याचा अर्धा र आडव्या रेघेसारखा य ला लागतो. त्याला वेगळा आकडाच दिलेला आहे. इनस्क्रिप्टमध्ये दोन्ही र एकाच बटणावर, फरक शिफ्टचा. करंगळी क्षणभर शिफ्टवर रेंगाळली की समुद्राची दरी होते, आणि कॉम्प्युटरला त्यात काहीच वावगं वाटत नाही. दोन्ही शब्द त्याला सारखेच खरे. मी मुलाला तेवढी जागा दाखवली. त्याने नाव पुन्हा टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. छापण्याआधी पडदा गिऱ्हाइकाकडे वळवणारी माणसं मला फार मोलाची वाटतात.

प्रिंटरने कागद ओढला. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, काळी पूड असते. गोल नळीवर विजेच्या भाराने अक्षर उमटतं, त्याला पूड चिकटते, पूड कागदावर उतरते आणि तापलेला रूळ ती वितळवून पक्की करतो. आपल्याकडे पावसाळ्यात कागद दमट होतो, त्याच्यात विजेचा भार टिकत नाही आणि अक्षरं फिकी येतात. दोष पुडीचा समजून लोक नवीन काडतूस आणतात; कागदाचा गठ्ठा पिशवीत बांधून कोरड्या जागी ठेवला असता तरी भागलं असतं.

आजींच्या पिशवीत रेशनच्या पावत्या होत्या, सगळ्या पांढऱ्या फटक. त्या पावत्यांच्या कागदालाच रंगाचा थर असतो. मशिनातले बारीक तापणारे ठिपके, मिलिमीटरला आठ, जिथे तापतात तिथे कागद काळा होतो. छापायला शाई लागत नाही, पण हाच थर उन्हाने, तेलाने मरतो. जपायची पावती असेल तर आणल्या दिवशीच तिची झेरॉक्स काढावी.

बाहेरच्या जगातला फरक पकडायचा आणि तो माणसाला वाचता येईल असा मांडायचा, हे काम याच किनाऱ्यावर कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळात तिथल्या माणसांनी डोळ्यांनी वाचून वहीत उतरवलेले आकडे आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. पुढे चुंबकालाच छोटा आरसा लावून दिव्याचा किरण फिरत्या फोटोच्या कागदावर पाडायची पद्धत आली: चुंबक केसभर हलला की कागदावरची रेघ वाकते. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज चुंबकाला हलवणार, आणि त्याला पृथ्वीची हालचाल आणि ट्रामची हालचाल यांतला भेद कळणार नाही, हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ साली वेधशाळेचं हे काम अलिबागला आणलं गेलं. इमारतीला पोरबंदरी दगड वापरला, लोखंड टाळलं. मग १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांशी नव्यांचा सांधा जुळावा.

मशीन चुकीचं ऐकतंय तर त्याच्यासाठी खाडीपलीकडे दगडाची नवी इमारत बांधली गेली. आजींसाठी मात्र तीनदा अंगठा टेकवून झाल्यावर पुढे काय, हे कुठल्याच भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

ते त्या मुलाच्या बापाला माहीत होतं. तो जेवून आला, मशिनाची काच मऊ फडक्याने पुसली, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचं तेल काचेवर राहिलं तर त्याचाही ठसा दिसतो. मग आजींना म्हणाला, "मावशी, अंगठा सोडा. आधारला दहाही बोटं दिलीत ना? हे द्या." त्याने डाव्या हाताची अनामिका पुढे करायला सांगितली. विळीवर अंगठा आणि तर्जनी झिजतात, हे बोट त्यामानाने वाचलेलं असतं. "आधी कपाळावर घासा." कपाळावरचा किंचित तेलकटपणा कोरड्या रेघांना काचेशी सलग टेकवतो. तेही जमलं नसतं तर डोळ्यांच्या बुबुळाची वाट होती.

आजींनी बोट कपाळावर घासलं, अलगद टेकवलं. लाल उजेड विझला आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

दाखल्याचा कागद पिशवीत घालताना त्यांनी विचारलं, "पुढल्या साली पन ह्योच बोट ना?"

"हो मावशी, हेच."

पायऱ्या उतरताना त्यांनी ती अनामिका उजव्या मुठीत धरली होती.