कोणत्या एक्सलवर किती टन

भरलेल्या मालवाहू गाडीचे वजन कायदा दोन प्रकारे पाहतो. एक, सगळ्या गाडीचे मिळून वजन. दुसरे, प्रत्येक एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, पडणारे वजन. दोन्ही मर्यादा आरसी बुकात नोंदलेल्या असतात आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे त्यांतली एक जरी ओलांडली तरी गाडी ओव्हरलोड ठरते. मालक, चालक आणि अडते यांचे लक्ष बहुधा पहिल्या आकड्यावर असते. रस्त्याचे आयुष्य मात्र दुसऱ्यावर ठरते. वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावातून सोयाबीन, तूर, कापूस बाहेर जातो आणि गिट्टी, रेती, सिमेंट, खत आत येते. सगळी ये-जा काळ्या मातीवरच्या रस्त्याने होते, म्हणून तिथे हा दुसरा आकडा नीट समजून घ्यायला हवा.

कोणत्या एक्सलला किती वजन, हे केंद्र सरकार कलम ५८ खाली अधिसूचना काढून ठरवते. १९९६ साली ठरलेल्या मर्यादा बरीच वर्षे चालल्या. १६ जुलै २०१८ रोजी त्या वाढवण्यात आल्या. पुढचा, दोन टायरांचा, स्टिअरिंगचा एक्सल पूर्वी ६ टन पेलू शकत असे, आता सात ते साडेसात टन. मागच्या चार टायरांच्या एकट्या एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन मिळाले. लागून असलेल्या दोन एक्सलांच्या जोडीला १९ ऐवजी २१, आणि ट्रेलरखालच्या तीन एक्सलांच्या संचाला २४ ऐवजी २७ टन. त्यामुळे सहाटायरी ट्रकचे भरलेले वजन १६.२ वरून १८.५ टनांवर आणि दहाटायरीचे २५ वरून २८.५ टनांवर गेले. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला रस्त्यावर घोडा म्हणतात. घोड्याला मागे एक एक्सल आणि ट्रेलरला तीन असतील तर एकूण मर्यादा ४५.५ टन होते. घोड्यालाही मागे जोडी असेल तर ५५ टन.

यात एक गोष्ट चटकन खटकते. एका एक्सलला साडेअकरा टन, तर दोघांना तेवीस का नाही, आणि तिघांना साडेचौतीस का नाही? चाकाखालचा दाब डांबराखाली जसा खोल जातो तसा आजूबाजूला पसरतो. शेजारच्या एक्सलांचे हे पसरलेले दाब खालच्या थरात एकमेकांवर चढतात. पुलाच्या गर्डरवरही जवळ जवळ आलेली चाके एकत्र भार टाकतात. म्हणून संच वाढला की प्रत्येक एक्सलचा वाटा कमी धरला जातो.

रस्त्याची झीज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून झीज मोजण्यात आली. एक्सलवरचे वजन दुप्पट झाले की झीज जवळपास सोळा पट होते, म्हणजे ती वजनाच्या चौथ्या घाताने वाढते, असे त्यातून दिसले. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेतही हेच गणित आहे. तिथे ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा चार टायरांचा एक्सल हे माप, म्हणजे प्रमाण एक्सल, धरतात आणि रस्ता असे किती एक्सल सोसेल यावर त्याची जाडी ठरवतात.

या हिशेबाने १०.२ टनांचा एक्सल प्रमाण एक्सलच्या २.४ पट झीज करतो आणि ११.५ टनांचा जवळपास चार पट. मर्यादा वाढली तेरा टक्क्यांनी, झीज वाढली साठ टक्क्यांनी. २०१८च्या निर्णयाने वाहतूक स्वस्त झाली हे खरेच, पण त्याची किंमत जुन्या, पातळ रस्त्यांनी मोजली, हेही सांगायला हवे. उलट, २१ टनांची जोडी सुमारे पावणेचार प्रमाण एक्सलांइतकी आणि २७ टनांचा तीन एक्सलांचा संच जेमतेम दोनांइतकी झीज करतो. म्हणजे भार नीट वाटलेला मोठा ट्रेलर दर टनामागे सहाटायरी ट्रकपेक्षा रस्त्याला पुष्कळ हलका जातो. गावातल्या अरुंद वळणावर मात्र तीन एक्सलांचे टायर आडवे घासतात आणि वरचे डांबर खरवडतात. गावाच्या आतल्या रस्त्यासाठी ट्रेलर सोयीचा नाही.

काळी माती ओली झाली की फुगते आणि तिची ताकद संपते. चार दिवस पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याचा निर्देशांक, बहुधा दोन-तीन टक्केच भरतो. म्हणून तिच्यावर मुरमाचा जाड थर द्यावा लागतो. कमी रहदारी धरून एक लाख प्रमाण एक्सलांसाठी बांधलेला ग्रामीण रस्ता घेतला, तर नियमात भरलेली सहाटायरी गाडी त्यातले सुमारे पाच एक्सल एका फेरीत खर्च करते. रोज अशा दहा गाड्या गेल्या तर रस्ता पाचेक वर्षे टिकेल. त्याच गाड्यांच्या मागच्या एक्सलवर १५ आणि पुढच्या एक्सलवर ८ टन घातले तर प्रत्येक फेरी साडेतेरा एक्सलांची होते आणि तोच रस्ता दोन वर्षांत संपतो. पावसाळ्यात तेवढाही वेळ लागत नाही.

गिट्टी आणि रेतीत हा अतिभार सहज होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि घनमीटरला १.६ टन धरले तर त्याचे वजन साडेचार टन होते. सहाटायरीत नियमाने अकरा-बारा टन माल बसतो, म्हणजे अडीच ब्रास. रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. फाळका उंच करून चार ब्रास भरले की सहा-सात टन जास्तीचे झाले. कापसाचे उलटे आहे: गाडी काठोकाठ फुगते, बाजूंनी बाहेर येते आणि २.६ मीटर रुंदीची मर्यादा वजनाच्या आधीच मोडते.

एकूण वजन बरोबर असूनही एक्सल चुकू शकतो. ट्रेलरचा पुढचा भाग घोड्यावरच्या चकतीवर टेकतो, मागचा आपल्या एक्सलांवर. या दोन टेकूंमध्ये आठ मीटर अंतर आहे आणि वीस टनांचे एकच यंत्र बरोबर मध्ये ठेवले, तर दोन्हीकडे दहा-दहा टन जातात. तेच दोन मीटर पुढे सरकवले की घोड्याकडे पंधरा आणि मागे पाच. घोड्याच्या मागच्या एकट्या एक्सलची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. एका एक्सलच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत माल फार मागे गेला तर ट्रॅक्टरचा मागचा जोड वर उचलला जातो, चाकांची पकड सुटते आणि उतारावर ब्रेक लागत नाही. रिकामी गाडी चालवताना टायर वाचवण्यासाठी उचलायचा लिफ्ट एक्सल भरल्यावर खाली सोडलाच पाहिजे. नाही तर त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो.

राज्याराज्यांत एक्सलची मर्यादा वेगळी नाही. पूर्वी काही राज्ये पैसे भरून घेऊन जादा भाराला वर्षभराची मोकळीक देत. ९ नोव्हेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात ती बेकायदा ठरवली. राज्याला उरतो तो कलम ११५चा अधिकार: रस्ता किंवा पूल कमकुवत असेल तर तिथे जड गाड्यांना बंदी घालणे. ग्रामीण रस्त्यांसाठी हा अधिकार खूप उपयोगाचा आहे आणि तो याहून जास्त वेळा वापरला जायला हवा. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, आणि वजनाला थांबायला नकार दिला तर ४० हजार. युरोपीय संघातही ओढणाऱ्या एक्सलला ११.५ टनच मिळतात. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर एकट्या एक्सलला सुमारे ९ टन आणि पूर्ण गाडीला ३६ टनांच्या आसपास.

धरमकाट्यावरची पावती फक्त एकूण वजन दाखवते, पण एक्सलचे वजन तिथेच काढता येते. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यायची, मग सगळी गाडी. वजाबाकी केली की मागचा भार कळतो. ट्रेलरच्या बाबतीत पुढचा एक्सल, मग पूर्ण घोडा, मग संपूर्ण गाडी असे तीन आकडे घ्यावे लागतात. काट्याच्या आधीची आणि नंतरची जमीन सपाट हवी आणि ब्रेक सोडलेले हवेत, नाही तर भार एका बाजूला ढकलला जातो. मिळालेले आकडे आरसी बुकातल्या एक्सलवार नोंदीशी ताडायचे, आणि एखादा जास्त निघाला तर माल रस्त्यावर निघण्याआधी तिथेच सरकवायचा किंवा उतरवायचा.