रेषेचा धनी कोण?

दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत लेखकांची नावे पृष्ठांकांसह येतात. चित्रकारांची मात्र बहुधा तळाशी ‘मुखपृष्ठ व सजावट’ अशा एका ओळीत बोळवण होते. ‘सजावट’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. घर आधीच उभे आहे, चित्रकाराने दाराला तोरण तेवढे बांधावे, असा त्याचा ध्वनी. वस्तुतः पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील माणसे असंख्य वाचकांच्या मनात वसंत सरवटे यांच्या रेषेसकटच वस्तीला आली आहेत.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कथाचित्रकाराचा व्यवसाय बाहेरून दिसतो तितका मोकळा नाही. गणपतीच्या सुमारास संपादकांचे निरोप सुरू होतात. लेखकाने विलंब केला तरी छपाईची तारीख हलत नाही, आणि तो सारा विलंब साखळीतल्या शेवटच्या माणसाच्या, म्हणजे चित्रकाराच्या, रात्रींतून वसूल होतो. कथा हाती आल्यावर पहिला प्रश्न असतो तो क्षण निवडण्याचा. कळसाचा प्रसंग चितारला तर कथेचे गुपित पान उलटताच फुटते; किरकोळ प्रसंग घेतला तर चित्र पोकळ वाटते. म्हणून जाणता चित्रकार घटनेच्या किंचित अलीकडे थांबतो. उंबऱ्यावर घुटमळणारी बाई, उघडे राहिलेले पत्र, रिकामी खाट अशा गोष्टी त्याला अधिक उपयोगी पडतात. शिवाय फेटा कोणत्या भागातला, जू बैलांच्या मानेवर कसे बसते, हे चुकले तर खेड्यातला वाचक त्याला क्षमा करीत नाही. एस. टी. स्थानकावर वा बाजारात वहीत टिपलेली रेखाटने अशा वेळी कामी येतात. त्या तासांचे बिल मात्र कोणी लावत नाही.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात यात तंत्राची शिस्त मिसळली होती. रेषाचित्राचा ठसा जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरला जाई. त्याला काळे आणि पांढरे एवढेच कळे. राखाडी छटा हवी असेल तर ती आडव्या-उभ्या रेघांनी किंवा ठिपक्यांनी निर्माण करावी लागे. चित्र मोठ्या आकारात काढून छायाचित्राने लहान केले जाई, आणि फार नाजूक, दाट रेघा हलक्या कागदावर शाईने बुजून जात. कुंचल्याचा ठाम फटकारा आणि निर्भयपणे सोडलेली पांढरी जागा ही त्या पिढीची वैशिष्ट्ये काही अंशी या अडचणीचीच अपत्ये होत. मुखपृष्ठावर प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, म्हणून खर्चही वेगळा. तेव्हा दोन रंग एकावर एक चढवून तिसरा पदरात पाडून घेणे हे कौशल्य ठरे.

या व्यवसायात टिकण्याचे दोन मार्ग मराठीत ठळकपणे दिसले. गोव्यात जन्मलेले आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेले दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचाच अंक काढला. चित्रकार स्वतः मालक झाला, तेव्हा आपले चित्र किती जागा घेणार हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ‘दलाल’ ही सही मराठी घरांत सुपरिचित झाली होती. सरवटे यांची वाट निराळी. ते व्यवसायाने स्थापत्य अभियंते. सिमेंट कंपनीतील नोकरीने चूल सांभाळली आणि रेषेला विनोदाची व विचाराची मोकळीक राहिली. दोन्ही वाटा कर्तबगारीच्या खऱ्या. पण केवळ चित्रामागे मिळणाऱ्या मानधनावर संसार चालतो, याची ग्वाही त्यांतली एकही देत नाही.

मानधनापेक्षा अवघड प्रश्न हक्काचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या ‘पेंटिंग’चा प्रथम हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. त्या तरतुदीत ‘ड्रॉइंग’ हा शब्द नाही, आणि व्याख्येच्या कलमात मात्र दोन्ही प्रकार वेगवेगळे मोजलेले आहेत. म्हणजे रंगीत मुखपृष्ठ प्रकाशकाचे, पण आतले शाईचे रेखाचित्र चित्रकाराचे, असा युक्तिवाद करता येतो! हक्क सोपवायचा तर तो लेखी हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच, असेही कायदा सांगतो. व्यवहारात हे कोण वाचतो? तोंडी शब्दावर चित्र जाते, पुढे दुसऱ्या आवृत्तीवर झळकते, आणि मूळ कागद छापखान्यात कायमचा राहतो. सहीचा कोपरा कातरला गेला, तर तीही जाते.

२०२२ पासून शब्द देताच चित्र तयार करणाऱ्या संगणकीय प्रणाली सर्वांच्या हाती आल्या. त्या पूर्वी काढलेल्या असंख्य चित्रांवर पोसलेल्या आहेत. त्यामुळे जुनी कथाचित्रे कोणाची, हा प्रश्न आता फक्त वारसांच्या भावनेचा राहिलेला नाही.

काम सांगताना संपादक जो निरोप धाडतो त्यात कथेचे नाव, चित्रांची संख्या आणि तारीख असते. हक्क कोणाचा, किती वर्षांसाठी, आणि मूळ चित्र परत केव्हा, यासाठी त्याच निरोपात आणखी दोन ओळींची जागा सहज निघेल.