बाजारात साखर उतरते तेव्हा

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीचे जेवण लांबले आणि त्यात भाजीबाजारातील पायपीट झाली, तर रक्तातील साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. या अवस्थेस वैद्यकात हायपोग्लायसेमिया म्हणतात.

दरदरून घाम, हातांचा कंप, अडखळते बोलणे, सुटे पैसेही मोजता न येणे ही लक्षणे पाहून अनेकजण त्या व्यक्तीला मद्यपी समजून दूर सरकतात, ही अत्यंत खेदाची गोष्ट होय; अशा वेळी गल्ल्यामागून उठून स्टूल पुढे करणारा आणि साखरेच्या पोत्यात हात घालणारा अनोळखी किराणा दुकानदारच उपचाराची सुरुवात करतो.

व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन-चार लहान चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि तरतरी आल्यावर काही खाऊ घालावे. पेढा वा चॉकलेट मात्र त्यातील स्निग्धांशामुळे सावकाश लागू पडते.

शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तिला कुशीवर वळवावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.