घरची शाळा : कल्याणपासून अलास्कापर्यंत

शाळा हा शब्द कानी पडताच घंटा, फळा, बाके आणि गणवेश यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. शाळेवाचून शिक्षण ही कल्पना आपणांस इतकी अपरिचित झाली आहे, की एखाद्या सुशिक्षित कुटुंबाने मुलाचे नाव शाळेतून काढले असे ऐकताच शेजारीपाजारी प्रथम विचारतात, “मुलाची प्रकृती बरी नाही काय?” आणि तसे काही नाही असे कळले, म्हणजे आईबापांच्या शहाणपणाविषयी शंका घेतात. तथापि मुंबई-पुण्याप्रमाणेच ठाणे, कल्याण, डोंबिवली या बाजूसही मुलांना जाणूनबुजून घरीच शिकवू पाहणारी कुटुंबे, थोडी का होईनात, आज आढळतात. त्यांचा मार्ग योग्य की अयोग्य, याचा निवाडा घाईने करण्यापूर्वी तो मार्ग कसा आहे हे पाहणे बरे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही वर्ग भरू लागले. एका खोलीत वडिलांची कचेरी, दुसरीत थोरल्याचे गणित, आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी धाकटीची बाराखडी, असा तो संसार होता. त्या वर्षीच्या जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिकाही सुरू झाली. आपद्धर्म म्हणून हे सारे योग्यच होते. परंतु त्यास गृहशिक्षण म्हणता येणार नाही. तेथे शाळाच घरात आली होती. गृहशिक्षणात काय शिकावे, केव्हा शिकावे आणि कोणी शिकवावे हे कुटुंब ठरविते, आणि त्याची संपूर्ण जबाबदारीही कुटुंबच घेते. प्रश्नाचे मर्म या जबाबदारीतच आहे.

ही परदेशातून आलेली नवी टूम आहे, असे समजणारांनी कल्याणच्याच इतिहासाकडे एकवार पाहावे. १८५४ मध्ये कल्याणला आगगाडी आली, १८६४ मध्ये तेथे सार्वजनिक वाचनालय निघाले, आणि १८६५ मध्ये कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मास आली. १८७४ मध्ये, नऊ वर्षांची असताना, तिचा विवाह टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर, वयाने कितीतरी वडील. परंतु बायकोला शिकवावयाचे, हा त्यांचा हट्ट. यमुनेची आनंदी झाली, आणि घर हीच तिची शाळा झाली. वडीलधाऱ्यांच्या घरात हा अभ्यास निर्वेध चालेना, म्हणून गोपाळरावांनी अलिबागेस बदली करून घेतली. पुढे कोल्हापूर व मुंबई येथे ती काही काळ मिशनच्या शाळांतही गेली. पण विद्येचा पाया घातला गेला तो घरातच.

चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच गेला, आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय तिने केला. गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले होते. ते १८८० मध्ये न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या एका बाईंच्या वाचनात आले, आणि त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. टपाल कारकुनाच्या घरातील शाळेला जगाची खिडकी मिळाली, ती टपालानेच! १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांस मिळाली. तेथील कडक थंडी आणि परक्या अन्नपाण्याने मूळची नाजूक प्रकृती पार ढासळली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असतानाच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

ही कथा गृहशिक्षणाचा विजय म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तिला दुसरी बाजूही आहे, आणि ती खुद्द आनंदीबाईंनीच नोंदून ठेविली आहे. अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी जुन्या गोष्टींची आठवण करून दिली : दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी बसलेला मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेली पुस्तके व खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या, आणि पुढच्याही विलक्षण शिक्षा. आपले वागणे चांगले होते की वाईट असे विचाराल, तर ते दोन्ही होते, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. हेतूकडे पाहता ते बरोबर म्हणावे, आणि लहान मुलीच्या मनावर होणाऱ्या परिणामाकडे पाहता चूक म्हणावे. गृहशिक्षणावर याहून नेमका अभिप्राय शोधून सापडणे कठीण. शाळेत एक मास्तर मारकुटा निघाला, तर दुसरा मायाळू असतो. मधल्या सुटीत सोबती असतात, आणि संध्याकाळी मूल घरी परतते. परंतु घर हीच शाळा आणि पती किंवा पिता हाच गुरू, असे झाले, म्हणजे त्या मुलाने गाऱ्हाणे सांगावे कोणाला, आणि परतावे तरी कोठे?

याच काळातील दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामुळाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, तेव्हा ही शाळाही त्यांच्याबरोबर चालू लागली. मात्र त्या विद्येची किंमत ठरली १८७८ मध्ये कलकत्त्यास, अपरिचित पंडितांच्या सभेत. आईने शिकविले, पण ‘पंडिता’ म्हटले ते परक्यांनी. आनंदीबाईंच्या पदवीदानास याच रमाबाई फिलाडेल्फियात उपस्थित होत्या. घरात शिकलेल्या दोन मराठी स्त्रियांची ती भेट होती.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. जेथे घरची शाळा ही हौस नसून गरज होती, असा प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या अगदी उत्तरेचे अलास्का. महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा हा प्रांत. परंतु २०२० च्या शिरगणतीत तेथील वस्ती सुमारे ७ लाख ३३ हजार भरली, आणि आपल्या एकट्या कल्याण-डोंबिवलीचीच वस्ती २०११ मध्ये साडेबारा लाखांच्या आसपास होती. अगदी उत्तरेच्या उत्क्याग्विक गावी हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. पुष्कळ खेड्यांना जोडणारा रस्ताच नाही. विमान, होडी किंवा बर्फावरील वाहन हाच आधार. अशा ठिकाणच्या मुलांसाठी १९३९ मध्ये तेथील सरकारने टपालाची शाळा काढली. पुस्तके व पाठ टपालाने घरी यावयाचे, आईने अथवा वडिलांनी मुलास बसवून ते करून घ्यावयाचे, उत्तरे परत पाठवावयाची, आणि दूरच्या शिक्षकाने ती तपासून धाडावयाची. १९९७ पासून तेथे आईबापांना कोणासही न कळविता मुलांना घरी शिकविण्याची मुभा मिळाली. तरीसुद्धा हजारो कुटुंबे आजही पत्रद्वारा शिक्षणाच्या सरकारी योजनांत नाव घालतात. तेथे प्रत्येक मुलामागे एक शिक्षक नेमलेला असतो, त्याच्या अभ्यासाचा आराखडा ठरतो, आणि साहित्यासाठी काही रक्कमही मिळते. त्या रकमेतून खाजगी शाळांची फी द्यावी काय, यावर २०२४ मध्ये तेथील न्यायालयांत मोठा वाद झाला. पण घराबाहेरच्या शिक्षकाची गरज मात्र या कुटुंबांनी स्वखुशीने मानली आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि मुलाचे नाव जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. मात्र ते न केल्यास पालकांस शिक्षा सांगितलेली नाही, आणि गृहशिक्षणाचा उल्लेखही त्यात नाही. परीक्षेचे दार मात्र उघडे आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून काम करीत आहे. चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलास तिच्यामार्फत दहावीस बसता येते. राज्य मंडळाच्या परीक्षेस बाहेरून बसणाऱ्यांसाठी तो सुप्रसिद्ध सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

राहिला प्रश्न घरातील माणसांचा. एकाच मुलाला शिकवावयाचे असल्यामुळे वर्गातील दिवसभराचा अभ्यास दोन-तीन तासांत आटोपतो, आणि उरलेला वेळ गाणे, खेळ, सुतारकाम किंवा निवांत वाचन यांस मिळतो, हा लाभ खरा आहे. परंतु ते दोन-तीन तास द्यावयाचे कोणी? आईबाप दोघेही सकाळची जलद लोकल गाठून मुंबईस जाणारे असतील, तर हे होणे नाही. आणि एकाने नोकरी सोडावी असे ठरले, म्हणजे बहुधा ती आईच सोडते. मुलाचे शिक्षण घरी आणताना आईचे जग घरापुरते होते, हा हिशेब आधीच मांडलेला बरा, आणि तो मांडताना आईलाच प्रथम विचारावे.

तात्पर्य, घराची शाळा होऊ शकते, याविषयी शंका नको. ती कल्याणच्या मुलीने आणि अरण्यातील आईने केव्हाच दूर केली आहे. परंतु ज्यांना हा मार्ग धरावयाचा असेल, त्यांनी तीन गोष्टींची तजवीज आधी करावी. मुलाला रोज भेटतील असे सवंगडी असावेत. घरच्यांपैकी नव्हे असा एखादा तरी जाणता माणूस त्याचा अभ्यास वरचेवर पाहणारा असावा. आणि ज्याच्याजवळ मूल आईबापांविरुद्धही मोकळेपणाने बोलू शकेल, असे एखादे आजोबा, मावशी किंवा शेजारी असावेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याच्याही आधीपासून उभे आहे. तेथे मुलाला बोटाला धरून नेणे हाही एक आरंभच आहे. मूल घरी शिकले म्हणून बिघडत नाही. त्याचे ऐकून घेणारे घराबाहेर कोणीच नसले, तर मात्र बिघडते. आनंदीबाईंना आपले गाऱ्हाणे लेखणीवर आणावयास समुद्र ओलांडावा लागला होता. आजच्या मुलाला शेजारचे दार वाजविता आले, तरी पुरे.