पडद्यामागील सेवेची तालीम

नाटकगृहांत पडदा ओढणारा मनुष्य प्रेक्षकांस कधीं दिसत नाहीं. तो चुकला म्हणजेच त्याचें अस्तित्व जाणवतें. संगणकांतहि अशीं पुष्कळ कामें पडद्याआडून चालतात. ठरल्या वेळीं कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवणें, छपाईचीं कामें रांगेस लावणें, घड्याळाची वेळ जुळविणें, हीं त्यांपैकीं कांहीं होत. असें काम करणाऱ्या आज्ञावलीस विंडोज प्रणालींत ‘सर्व्हिस’, म्हणजे सेवा, म्हणतात. १९९३ सालच्या विंडोज एन्.टी.पासून ही व्यवस्था चालत आली आहे.

सेवेला खिडकी नसते. तिला सुरू करणें व थांबविणें ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ नांवाच्या कारभाऱ्याच्या हातीं असतें. बिघाड झाला तरी समोर कांहीं उमटत नाहीं. प्रती काढणारी सेवा मुकाट्यानें बंद पडली, तर ती गोष्ट बहुधा मूळ कागद नष्ट झाल्या दिवशींच उघडकीस येते!

मग तिचा दोष शोधावा कसा? ती नुसती हातानें चालवूं गेल्यास चालत नाहीं. ती कारभाऱ्याशीं संबंध जोडूं पाहते. परंतु त्यानें तिला बोलाविलेलेंच नसतें, म्हणून १०६३ क्रमांकाची चूक पदरीं येते. बरें, कारभाऱ्याकडूनच सुरू करवून मागाहून दोषशोधक, म्हणजे डीबगर, जोडावा, तर आरंभींचा दोष तोंवर घडून गेलेला असतो.

यावर उपाय असा : सेवेचें खरें काम स्वतंत्र भागांत लिहावें आणि त्याला दोन दारें ठेवावीं. एका दारानें कारभाऱ्यानें यावें. दुसरें दार तपासनिसाचें. आज्ञेपुढें ‘कन्सोल’ असा ठरीव शब्द लिहितांच तेंच काम साध्या अक्षरांच्या खिडकींत सुरू व्हावें. तेथें प्रत्येक पाऊल लिहून येतें, हव्या त्या ओळीवर थांबतां येतें, आणि कंट्रोल व सी या कळा एकदम दाबल्या कीं काम आटोपतें. युनिक्सच्या घराण्यांतहि हीच रीत आहे. दूरच्या संगणकांत प्रवेश देणारी ‘ओपन एस्.एस्.एच्.’ची सेवा ‘उणे डी’ ही खूण दिल्यास समोरच राहते, एकाच पाहुण्यास घेते आणि प्रत्येक पायरी लिहून दाखविते.

मात्र एक सावधगिरी अवश्य पाहिजे. कन्सोलमध्यें आज्ञावली चालते ती तपासनिसाच्या अधिकारानें. सेवा म्हणून ती पुष्कळदां ‘लोकल सिस्टीम’ या निराळ्या खात्यावर चालते. तपासनिसानें जोडलेले दूरचे ड्राइव्ह तिला दिसत नाहींत, आणि अपुरा पत्ता दिलेली फाइल ती विंडोजच्या ‘सिस्टीम ३२’ या कप्प्यांत शोधूं लागते. २००७ सालीं सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तर सेवांचें सत्रच वेगळें झालें. सेवेनें प्रश्नाची चौकट उघडली, तर ती कोणास दिसत नाहीं, व सेवा उत्तराची वाट पाहत तिष्ठत राहते.

म्हणून कन्सोलमध्यें दोष सांपडला तर उत्तमच. पण तेथें सर्व सुरळीत चाललें, तरी श्रम वायां गेले असें समजूं नये. दोष बहुधा आज्ञावलीच्या विचारांत नसून खातें, अधिकार किंवा पत्ता यांत आहे, एवढें त्यावरून कळतें. पुढचा शोध तेथेंच घ्यावा आणि शेवटची परीक्षा सेवेच्या खऱ्या खात्यावरच करावी. तालीम दिवाणखान्यांत चालते, पण रंगीत तालमीस रंगभूमीच लागते.